होडीत बसताना कोणते जॅकेट घालावे?



सांगलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. वय ७१. वर्षातून तीन-चार वेळा त्या औदुंबरला जातात आणि दत्तदर्शन झाले की होडीने कृष्णा ओलांडून पैलतीरी भुवनेश्वरी देवीच्या दर्शनाला जातात. २०१९ च्या महापुरानंतर होडीत पाय ठेवताना त्यांच्या छातीत धडधडू लागते. त्यांचा परदेशस्थ मुलगा हौशी पाणबुड्या आहे. तिकडच्या तलावांत तो बुड्या घेतो आणि त्याने आपले जुने पाणबुड्याचे जॅकेट घरी आणून ठेवले आहे. भगिनी विचारतात, ‘हे घालून होडीत बसले तर चालेल का? नाहीतर मी कोणते घ्यावे?’

उत्तर आधीच सांगून टाकतो. मुलाचे जॅकेट चालणार नाही. फोमचे, मानेमागे कॉलर असलेले, पुढून उघडणारे आणि १०० न्यूटन असा उल्लेख असलेले साधे लाइफ जॅकेट घ्यावे. परंतु एवढ्यावर थांबलो, तर दुकानात पहिले नारिंगी जॅकेट हाती येईल तेच घरी येईल. म्हणून कारणांसह लिहितो.

आपले शरीर पाण्याइतकेच जड असते, असे म्हटले तरी फारशी चूक होत नाही. छातीभर श्वास घेतलेला मनुष्य गोड्या पाण्यात जेमतेम तरंगतो आणि श्वास सोडला की खाली जाऊ लागतो. खरी अडचण मस्तकाची आहे. प्रौढ माणसाचे डोके साडेचार-पाच किलो भरते. ते पाण्याबाहेर धरायचे तर तेवढा भार कशाने तरी तोलावा लागतो. पोहणारा तो हातापायांच्या हालचालीने तोलतो. न पोहणाऱ्यासाठी, किंवा पोहता येत असूनही अंगातले बळ ओसरलेल्यासाठी, तरंगणाऱ्या वस्तूने वरच्या दिशेने जोर लावावा लागतो. शाळेत आपण त्याला प्लावक बल म्हणत होतो. बहुतेक प्रौढांना तीन ते साडेपाच किलोंच्या आसपास असे जादा बल पुरते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मात्र या आकड्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी: ते बल शरीराच्या कोणत्या बाजूला लागते?

आमच्या पिढीतले कृष्णाकाठचे लोक पोहायला शिकले ते पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, वाळलेला भोपळा किंवा झाकण घट्ट केलेला रिकामा डबा पाठीवर बांधून. मिरजेत राहणाऱ्याला भोपळ्याची थोरवी सांगायला नको. पंढरपूरकडून येणारा भोपळा इथे तंबोऱ्याच्या आणि सतारीच्या रूपाने गाऊ लागतो. तसेच पोकळ भोपळे एकत्र बांधून लोक नद्या उतरत आणि त्या जोडणीला सांगड म्हणत. आपण बोलताना सहज ‘सांगड घालतो’, ती हीच. असो. सांगायचे असे की बिंडा किंवा डबा पाठीवर असे आणि शिकणाऱ्याला पालथा तरंगवी. हात मारणाऱ्या धडधाकट मुलाला ते सोयीचेच. परंतु घेरी आलेल्या, झटका आलेल्या किंवा भीतीने हातपाय गळालेल्या माणसाच्या पाठीवर तोच डबा असेल, तर त्याचे तोंड पाण्यातच राहील. वडीलधाऱ्यांसाठी आधार छातीवर आणि मानेमागे हवा. मग शरीर उताणे होते, मान टेकते आणि नाक-तोंड वर राहते.

आता मुलाच्या जॅकेटाकडे वळू. त्याला बॉयन्सी कॉम्पेन्सेटर म्हणतात आणि पाणबुडे थोडक्यात बीसीडी म्हणतात. त्यात फोम नसतो. हवा भरायची एक पिशवी असते आणि ती नळीने पाठीवरच्या सिलिंडरला जोडलेली असते. पाणबुड्याला वर तरंगत राहायचे नसते. पाण्याच्या मधोमध, ना वर ना खाली, स्थिर राहायचे असते. दहा मीटर खोल गेल्यावर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, अंगातल्या रबरी पोशाखातले हवेचे बुडबुडे आक्रसतात आणि मनुष्य जड होतो. तेव्हा तो कळ दाबून पिशवीत थोडी हवा घेतो. वर येताना तीच हवा फुगू लागते, म्हणून ती वेळीच सोडावी लागते. शिवाय बारा लिटरच्या भरलेल्या सिलिंडरमधील हवाच सुमारे तीन किलो वजनाची असते. ती श्वासाबरोबर संपत जाते आणि पाणबुडा हलका होत जातो. या सगळ्याचा तोल सतत हाताने सांभाळायचा असतो.

म्हणजे हे उपकरण शिकलेल्या, सावध हातासाठी आहे. सिलिंडर नसेल तर ती रिकामी पिशवी आहे आणि तोंडाने फुंकून भरावी लागते. दम्याच्या रुग्णाला हे काम खुर्चीत बसूनही जड जाईल. काही बीसीडींत हवा केवळ पाठीमागे भरते. पृष्ठभागावर अशी पिशवी माणसाला पुढे, तोंडाकडे झुकवते. थोडक्यात आपल्या जुन्या डब्यासारखीच गत. जुन्या बीसीडीच्या झडपांत वाळू किंवा मीठ अडकलेले असते, शिवण सुटलेली असते, हे निराळे.

त्या मुलासाठीही दोन शब्द, कारण आईने विचारले नसले तरी तिच्या काळजीत तो आहेच. केवळ तलावात हौसेने बुड्या घ्यायच्या असतील, तर त्यानेही बीसीडी शक्य तितके साधे घ्यावे. एकच पिशवी, कमी पट्टे आणि हातमोजा घातलेल्या बोटांनाही सापडतील अशा कळा असाव्यात. वजने एका हिसक्यात सोडता आली पाहिजेत आणि फुगवलेले असतानाही छाती आवळली जाऊ नये. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. त्यामुळे सामानासकट ८० किलो भरणाऱ्याने समुद्रातून तलावात येताना कमरेची वजने दोनेक किलोंनी उतरवावीत. ती तशीच ठेवली, तर तो जादा भार पिशवीतल्या हवेला पेलावा लागतो. बाकीचे त्याचा प्रशिक्षक सांगेल.

अलीकडे पुष्कळ कुटुंबे सुट्टीत मालवण-तारकर्लीला जातात. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, खासगी व्यावसायिकही आहेत. नातवंडांच्या आग्रहाने आजी-आजोबांनाही पाण्याखाली डोकावण्याची इच्छा होते. मी सरसकट नाही म्हणणार नाही. मात्र हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, दमा, आकडी, कानाच्या पडद्याला छिद्र किंवा इन्सुलिनवरचा मधुमेह असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावे. किनाऱ्यावर भरून घेतात त्या प्रकृतीच्या अर्जात खरे ते लिहावे. ‘पाचच मिनिटे आहेत’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून आले, तरी त्याने हृदयाची वा कानाची स्थिती बदलत नाही. आणखी एक ध्यानात असू द्या. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक दगावले. पाण्याखालची डुबकी सुखरूप पार पडली, तरी येण्याजाण्याच्या बोटीत लाइफ जॅकेट लागतेच.

लाइफ जॅकेटच्या आतल्या बाजूला पट्टी शिवलेली असते. प्लावक बल तिथे न्यूटनमध्ये लिहितात. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा जोर. आंतरराष्ट्रीय मानकांत ५०, १००, १५० आणि २७५ अशा पायऱ्या आहेत. ५० चे जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या आणि मदत हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसासाठी असते. ते सुटसुटीत आणि दिसायला छान असते, म्हणून दुकानदार तेच पुढे करतो. आपल्याला ते नको. १०० चे जॅकेट संथ पाण्यासाठी, म्हणजे नदी, तलाव आणि धरणाच्या फुगवट्यासाठी, केलेले असते आणि माणसाला उताणे वळवण्याच्या बेताने त्याची घडण असते. १५० आणि त्यावरची समुद्रासाठी. ती इतकी जाड असतात की पोक आलेल्या माणसाला होडीच्या फळीवर नीट बसताही येत नाही. भारतात इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगच्या मान्यतेचा शिक्का असलेली जॅकेटे मिळतात. तो शिक्का आणि न्यूटनचा आकडा दोन्ही दिसत नसतील, तर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.

कळ ओढली किंवा पाणी लागले की आपोआप फुगणारी, पट्ट्यासारखी सडपातळ जॅकेटेही निघाली आहेत. त्यांत कार्बन डायऑक्साइडची छोटी नळी आणि पाण्यात विरघळणारी एक गोळी असते. गोळीची मुदत संपते, नळी एकदा वापरली की बदलावी लागते आणि आपल्या पावसाळी दमट हवेत ते कपाटातच फुगून बसले, असेही होऊ शकते. वर्षातून तीन वेळा होडीत बसणाऱ्या घराला ही निगराणी झेपत नाही. फोमला हे काही लागत नाही. एके काळी लाइफ जॅकेटांत सावरीच्या जातीच्या झाडाचा कापूस भरत, त्याची जागा आता बंद छिद्रांच्या फोमने घेतली आहे. थर्माकोलचे तुकडे भरलेले जॅकेट मात्र घेऊ नका. दाबले की चुरा झाल्यासारखे कुरकुरते, त्यावरून ते ओळखू येते.

माप घेताना वजनाबरोबर छातीचा घेरही मोजा आणि तोही रोजच्या कपड्यांवरून. ‘फ्री साइझ’ हा शब्द ज्येष्ठांच्या बाबतीत निरुपयोगी आहे. खांदे उतरलेले, छाती आत गेलेली आणि पोट पुढे आलेले असे शरीर त्या मापात बसत नाही. जॅकेट घालून सर्व पट्टे आवळले की घरातल्या कुणीतरी मागे उभे राहून खांद्याच्या दोन्ही बाजूंनी ते वर ओढून पाहावे. हनुवटीच्या वर, कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे. पाण्यात पडल्यावर ते असेच सरकेल, चेहरा झाकेल आणि आतला माणूस खाली घसरेल. हे टाळण्यासाठी दोन मांड्यांमधून जाणारा पट्टा असतो. होडीवाले तो सहसा बांधत नाहीत, प्रवाशांना त्याचा संकोच वाटतो आणि कधी तो कापूनही टाकलेला असतो. ज्येष्ठांनी तो पट्टा बांधायलाच हवा. नऊवारीवर तो सहज बसतो. पाचवारीवर बसत नाही, म्हणून होडीच्या दिवशी सलवार-कमीज घालावी असे मी सुचवीन. देवीला त्याचे काही वाटणार नाही. थंडी असेल तर स्वेटर जॅकेटच्या आत घाला. शाल मात्र जॅकेटवरून पांघरू नये, ती ओली होऊन हातांना गुंडाळते.

खांदा धरलेल्या, मान आखडलेल्या किंवा अर्धांगवायू झालेल्या माणसाला डोक्यातून घालायचे जॅकेट घेऊ नये. पुढून उघडणारे घ्या आणि घालताना आधी अधू हात, मग चांगला हात असा क्रम ठेवा. काढताना उलट. काळजी घेणाऱ्यांना सदऱ्याच्या बाबतीत हे ठाऊक असतेच. संधिवाताच्या बोटांना बारीक चेन ओढवत नाही, त्यांच्यासाठी मोठ्या, टक् असा आवाज करून लागणाऱ्या चापांचे जॅकेट बरे. पेसमेकर असेल तर पट्टा नेमका त्या उंचवट्यावर येत नाही ना, हे पाहावे. पोटावर मलविसर्जनाची पिशवी लावलेली असेल, तर कमरेचा पट्टा तिच्या वर किंवा खाली सरकवावा लागतो. पोहण्याच्या तलावावर सोय असेल आणि प्रकृती ठीक असेल, तर छातीइतक्या पाण्यात, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून, जॅकेट घालून एकदा मागे रेलून पाहावे. तोंड पाण्याच्या वर स्पष्ट राहिले पाहिजे. अंगावर पाणी चढताना जॅकेट कसे उचलते, हे एकदा कळले की प्रत्यक्ष प्रसंगी घाबरगुंडी पुष्कळ कमी होते.

‘प्रकृती ठीक असेल तर’ असे म्हटले, त्याचे कारण आहे. गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते. ते अर्ध्या लिटरहून अधिक भरते. निरोगी हृदय हा लोंढा पेलते. ज्यांचे हृदय दुबळे आहे, ज्यांच्या पायांवर सूज येते आणि ज्यांना सपाट झोपल्यावर धाप लागते, त्यांना मात्र पाण्यात उभ्या उभ्या दम लागू शकतो. अशांनी ही चाचणी करू नये. होडीचा प्रवासही डॉक्टरांना विचारूनच करावा. आणखी एक निरीक्षण: सहलीच्या दिवशी लघवीची अडचण नको म्हणून अनेक जण पाण्याची गोळी परस्पर चुकवतात, आणि मधुमेही लोक गोळी घेऊन जेवण लांबवतात. होडीत घाम फुटून गरगरले, तर ते साखर उतरल्याचे लक्षण असू शकते. जॅकेटच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये बांधलेली साखर ठेवा. तिथेच नाव, आजार, चालू औषधे आणि घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. जॅकेटला शिटी बांधलेली असते ती काढू नका. कानातले यंत्र भिजून बंद पडले आणि ओरडायला दम उरला नाही, तरी शिटी वाजवता येते.

जॅकेट होडीत चढण्यापूर्वीच, काठावर घालायचे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. त्यानंतर तिथे प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. त्यापूर्वी अनेक बोटींत जॅकेटे असत, परंतु छताला टांगलेली. कलंडलेल्या होडीत, गर्दीत आणि पाण्यात, धडधाकट तरुणालाही जॅकेटचे तीन पट्टे बांधता येत नाहीत. आमच्याकडे कुणी कुणी जॅकेट उशाला घेतात किंवा त्यावर बसतात. त्याने फोम चेपतो आणि जॅकेटचा जोर घटतो. काठावर जॅकेट घातलेच आहे, तर जागाही नीट निवडा. छत किंवा बंद केबिनखाली बसू नका. होडी उलटली तर फोम माणसाला वर, त्या छताकडेच दाबून धरतो. उघड्या बाजूला बसावे. तापोळा-बामणोलीकडे शिवसागरात फेरी मारतानाही हे पाळा. हिवाळ्यात त्या गार पाण्यात एकाएकी पडले की पहिला मिनिटभर श्वास आवरत नाही, मनुष्य धापा टाकतो आणि तेवढ्यात पाणी आत जाते. तो मिनिट जॅकेट तोंड वर धरून निभावून नेते.

भरलेल्या होडीवर मात्र जॅकेट हा उपाय नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटका करून नेणारी होडी उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. त्यांत स्त्रिया आणि मुले होती. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, असे तेव्हा वृत्तपत्रांनी छापले. पूर गळ्याशी आल्यावर थांबा म्हणणे सोपे नसते, हे आपण सारेच जाणतो. म्हणून ज्येष्ठांच्या घरी निर्णय आधी व्हावा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले होते. अंथरुणाला खिळलेला रुग्ण घरात असेल, तर इशारा येताच, रस्ता कोरडा असतानाच त्याला हलवावे. नदीकाठच्या भागात राहत असाल, तर घरातल्या ज्येष्ठांच्या मापाचे एक जॅकेट विकत घेऊन ठेवावे आणि ते वरच्या मजल्यावर ठेवावे. तळमजल्याच्या कोठीत ठेवलेले जॅकेट पुरात सर्वांत आधी पाण्याखाली जाते. बचाव पथकाची होडी आल्यावर रुग्णाला खुर्चीत बसवून, घरातच जॅकेट घालून, मग खुर्चीसह जिना उतरवावा. पायऱ्यांवर पट्टे शोधत बसू नये.

जॅकेट उन्हात वाळत घालू नका, सावलीत वाळवा. दर पावसाळ्यापूर्वी ते कोरडे असताना वजन करा, मग दगड ठेवून हौदात रात्रभर बुडवा, दोन दिवस सावलीत पूर्ण वाळवा आणि पुन्हा वजन करा. वजन वाढले असेल तर फोम पाणी धरू लागला आहे. ते जॅकेट बाद करा.

पाण्यात पडलेल्या ज्येष्ठाला बाहेर काढताना जमेल तितके आडवे ठेवून काढावे. पाण्याचा दाब एकदम सुटला आणि माणूस उभा ओढला गेला, तर रक्तदाब कोसळून तो काठावरच बेशुद्ध पडू शकतो. जॅकेटचे पट्टे त्याला आडवे ठेवल्यावर सोडा. पोट दाबून पाणी काढणे किंवा उलटे धरून गरगर फिरवणे यात वेळ जातो आणि पोटातले पाणी उलटून श्वासनलिकेत शिरते. मिठात पुरून ठेवण्याचा संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरतो, तो अडाणीपणाचा आहे. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे दोन्ही लगेच सुरू करा आणि दुसऱ्याने १०८ क्रमांक फिरवावा. श्वास चालू असेल तर ओले कपडे काढून, कोरड्यात गुंडाळून, कुशीवर निजवा. माणूस बोलू लागला, चहा मागू लागला, तरी नाकातोंडात पाणी गेलेले असेल तर रुग्णालयात न्यावे आणि काही तास तिथे ठेवावे. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास कधी कधी तीन-चार तासांनी, खोकला आणि वाढत्या धापेच्या रूपाने सुरू होतो.